दोर मिळाले, तराफे मिळाले, वाळवायची सोय कोण करणार?

मा. संपादक यांना,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात समुद्री शेवाळाच्या शेतीवर अख्खं पान आलं होतं, ते मी दोनदा वाचलं. फोटो छान होते. जमीन लागत नाही, गोडं पाणी लागत नाही, खत-औषध लागत नाही असं लिहिलंय ते खरंच आहे, त्यात काही खोटं नाही. पण सगळ्या पानात वाळवणावर जेमतेम एक ओळ होती, की काढणीनंतर शेवाळ उन्हात वाळवून विकतात. आमचं अख्खं वर्ष त्या एका ओळीत जातं हो. मी शेवाळ शेती करणाऱ्या बायकांच्या एका गटात वाळवणाचं आणि वजनाच्या वहीचं काम बघते, म्हणून ही बाजू पण छापली जावी असं मनापासून वाटतं. पत्र थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझं म्हणणं एकच आहे. शेवाळाची अवजारं ठरवताना सगळे पाण्यातून सुरुवात करतात, ती वाळवणाच्या जागेपासून करायला पाहिजे. योजना आली की पहिली यादी होते दोर, तराफे, नांगर, बोया, होडी यांची, आणि शेवटी काही उरलं तर वाळवणासाठी दोन ताडपत्र्या. आपण एका दिवसात किती ओला माल नीट वाळवू शकतो हे आधी बघायचं आणि मग तेवढेच दोर समुद्रात सोडायचे, हा साधा क्रम कुणी पाळत नाही.

आता हिशोब सांगते, कारण हिशोबाशिवाय हे कुणाला पटत नाही असा माझा अनुभव आहे. ताज्या शेवाळात साधारण ९० टक्के पाणी असतं. कॅराजीनन म्हणजे खाण्याच्या पदार्थांना घट्टपणा आणायला वापरतात तो शेवाळातला पदार्थ, त्यासाठी जे लाल शेवाळ लावतात, कॅपाफायकस, ते वाळवून ओलावा साधारण ३५ टक्क्यांवर आणायचा असतो. म्हणजे एक टन ओला माल घेतला तर त्यात पाणी सोडून उरतं १०० किलो, आणि ३५ टक्के ओलावा धरून वाळलेलं वजन भरतं १५४ किलोच्या आसपास. बाकीचं जवळजवळ ८५० किलो पाणी हवेत घालवायचं. एक किलो पाण्याची वाफ करायला कमीत कमी ०.६५ युनिट ऊर्जा लागते, ते विजेने करा नाहीतर उन्हाने, निसर्गाचा नियम बदलत नाही. ८५० किलोला साडेपाचशे युनिट झाले, आणि हा कागदावरचा आकडा आहे, प्रत्यक्ष ड्रायरमधून जी गरम हवा बाहेर जाते ती धरली तर अजून वाढतो. उन्हाचं बघायचं तर चांगल्या कडक दिवशी एका चौरस मीटरवर दिवसभरात साधारण ५ युनिट ऊन पडतं, त्यातलं निम्मं कामी आलं तरी साडेतीन-चार किलो पाणी उडतं. म्हणजे एका टनासाठी सव्वादोनशे-अडीचशे चौरस मीटर जागा एक पूर्ण दिवस, किंवा त्याच्या तिसरा हिस्सा जागा तीन दिवस, आणि तेही तीनही दिवस ऊन पडलं तर.

दुसऱ्या बाजूला पाण्यात काय चाललेलं असतं ते बघा. १० मीटरच्या एका दोरीवर साधारण वीतभर अंतराने लावणीच्या ५० कांड्या, म्हणजे शेवाळाचे तुकडे, बांधल्या, प्रत्येक कांडी १०० ग्रॅमची, म्हणजे लावताना ५ किलो. ४५ दिवसांनी काढणी. रोज ४ टक्के वाढ झाली तर ४५ दिवसांत पावणेसहा पट होतं, म्हणजे दोरीला २९ किलो. रोज ५ टक्के झाली तर नऊ पट, ४५ किलो. फरक फक्त एका टक्क्याचा, पण ४० दोऱ्या असल्या तर एकदा साडेअकराशे किलो माल येतो आणि एकदा अठराशे. वर्ष चांगलं गेलं म्हणून सगळ्यांना आनंद होतो आणि वाळवणाची जागा तेवढीच असते.

आमच्यावर हीच वेळ आली होती. माल भरपूर वाढलेला, त्यात पाणी तापलं आणि काही दोऱ्यांवर फांद्या पांढऱ्या पडायला लागल्या. त्याला आइस-आइस म्हणतात, पाणी फार गरम झालं किंवा खारटपणा एकदम बदलला की शेवाळाला ताण येतो, फांदी पांढरी मऊ होते आणि तिथून तुटून वाहून जाते. तेव्हा थांबता येत नाही, आहे ते काढून घ्यावं लागतं. दोन दिवसात दीड टनाच्या वर माल किनाऱ्यावर आला. आमच्याकडे जाळीचे मांडव होते ते अर्ध्याच मालाला पुरले, बाकीचा ताडपत्रीवर पसरला, तरी उरला तो ढीग करून ठेवला कारण दुसरं काही करताच येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला. ताडपत्र्या वरून टाकल्या, पण खालच्या ताडपत्रीत पाणी साचलं. अर्धवट वाळलेल्या शेवाळावर गोडं पाणी पडलं की त्यातलं मीठ उतरतं, रंग जातो, मग ते चिकट होतं. आणि तो जो ढीग होता, त्यात मी संध्याकाळी मनगटापर्यंत हात घातला तर आत चांगलंच गरम लागलं, ओल्या गवताची गंजी आतून तापते ना तसंच. वरून लालसर चांगलं दिसत होतं, आत काळपट लगदा आणि वास. त्या खेपेला वहीत मी जे वजन लिहिलं ते लिहिताना हात चालत नव्हता, कारण त्या प्रत्येक किलोमागे कुणीतरी कमरेएवढ्या पाण्यात वाकून गाठी मारल्या होत्या.

याआधी आम्हाला एका संस्थेकडून ड्रायर मिळालेला होता. नाव लिहीत नाही, त्यांचा हेतू चांगलाच होता. ट्रे असलेलं कपाट, आत हीटर आणि पंखा. एका वेळी ५० किलो ओला माल आणि एका घाण्याला पूर्ण दिवस. अठराशे किलोला ३६ दिवस लागले असते. त्यापेक्षा मोठं दुखणं म्हणजे ते मशीन भाजीपाला वाळवायचं होतं, खाऱ्या मालाचं नव्हतं. पहिल्याच हंगामात ट्रेच्या वेल्डिंगपाशी टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडायला लागली. स्टेनलेस आहे, गंजणार नाही असं सांगितलं होतं, पण स्टेनलेसमध्ये पण प्रकार असतात, नेहमीचं ३०४ मिठापुढे टिकत नाही, ३१६ मध्ये मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो म्हणून ते जास्त टिकतं, आणि तेसुद्धा रोज काम झाल्यावर गोड्या पाण्याने धुतलं तरच. पंख्याची मोटर ओल्या खारट हवेच्या वाटेत बसवलेली, बेअरिंग जाम झालं. मोटर कोरडी हवा आत येते त्या बाजूला ठेवली असती तर वाचली असती, एवढं ते सोपं होतं. उष्णता वाढवून काम लवकर उरकायचं म्हटलं तर शेवाळ वरून कडक होतं आणि आत ओलं राहतं, मग गठ्ठा बांधल्यावर आतून बुरशी. गरम हवेपेक्षा वाहती हवा महत्त्वाची हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आम्ही माल घालवून शिकलो.

उलट सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली वस्तू विचाराल तर जमिनीपासून मीटरभर उंच जाळीचा मांडव. हवा खालून-वरून फिरते, वाळू लागत नाही, कुत्री-कोंबड्या चढत नाहीत, आणि वरती कमानीवर उन्हाने लवकर न फाटणारा यूव्हीचा प्लास्टिक कागद गुंडाळून ठेवला तर पाऊस आला की दोघीजणी दोन मिनिटांत ओढून घेतात. वाळूवर वाळवलेला माल वजनाला भरतो पण खरेदीदार वाळू, मीठ, दोरीचे तुकडे सगळं वेगळं काढून मगच दर लावतो, मग भांडण होतं. दुसरी वस्तू म्हणजे रुंद चाकाची हातगाडी. ओलं शेवाळ पोत्यात भरून डोक्यावरून ओल्या वाळूतून आणायचं म्हणजे काय ते आणलेल्यालाच माहीत, पाणी पाठीवरून निथळत असतं. तिसरी वस्तू एक छोटा वजनकाटा. १०० ग्रॅम नमुना घ्यायचा, पूर्ण कोरडा करायचा, वजन कमी व्हायचं थांबलं की जो फरक तो ओलावा. हे आम्ही स्वतः करायला लागल्यापासून आमचा माल ओला आहे म्हणून कुणी परत लावला तर आम्ही वही पुढे करतो.

बाहेरच्या देशात हा प्रश्न सुटलाय असं नाही, पण कुठे काय केलं ते बघण्यासारखं आहे. जपानमध्ये नोरी होते, म्हणजे कागदासारखं पातळ वाळवून खातात ते शेवाळ, तिथे पूर्वी बियाणं कुठून येतं हेच माहीत नव्हतं, जाळी लावायची आणि वाट बघायची. १९४९ साली इंग्लंडच्या कॅथलीन ड्रू-बेकर बाईंनी शोधून काढलं की त्या शेवाळाची एक बारीक अवस्था शिंपल्यांच्या कवचात राहते, त्यानंतर टाक्यांमध्ये कालवांची कवचं ठेवून जाळ्यांवर बीज धरता येऊ लागलं. उतो नावाच्या गावात १९६३ मध्ये त्यांचं स्मारक उभारलं तिथल्या लोकांनी. हे बऱ्याच ठिकाणी लिहून येतं. पण बीज हाताशी आल्यावर माल वाढला आणि तो झेलायला तिथे यंत्रंही आली हे फारसं लिहीत नाहीत. शेवाळ बारीक करणं, धुणं, साच्यावर ओतणं, दाबणं, वाळवणं हे सगळं एका सलग यंत्रात, आणि बाहेर पडतो साधारण १९ बाय २१ सेंटीमीटरचा आणि ३ ग्रॅमचा एक कागद. एवढं मोठं यंत्र एकट्या घराला जड जातं, म्हणून कित्येक ठिकाणी मच्छीमारांनी मिळून सामायिक यंत्रं चालवली. बी लावलेली जाळी अर्धवट सुकवून शीतगृहात उणे २० अंशाला ठेवता येतात, लागतील तशी बाहेर काढतात, त्यामुळे सगळा माल एकदम अंगावर येत नाही. माझ्या मते शीतगृहाची ही युक्ती कुठल्याही ड्रायरएवढीच मोलाची आहे.

थंड पाण्यातलं केल्प, म्हणजे लांब पानांचं तपकिरी शेवाळ, लावणाऱ्यांची अडचण आमच्यासारखीच, फक्त वेगळ्या कारणाने. नॉर्वेसारख्या ठिकाणी पाइपवर गुंडाळलेल्या बारीक दोऱ्यावर नर्सरीत बीज धरतात, होडी चालवत तो दोरा मोठ्या दोरावर गुंडाळत जातात, हिवाळाभर वाढतं, आणि वसंतात पाणी तापायच्या आत काढावंच लागतं, नाहीतर पानांवर बारीक जीवांचा पांढरा थर चढतो. म्हणजे वर्षाचा सगळा माल थोड्याच आठवड्यांत. तेवढ्यासाठी मोठा ड्रायर घ्यायचा आणि बाकी वर्ष बंद ठेवायचा हे कुणालाच परवडत नाही. मग मासे, धान्य, लाकूड वाळवणाऱ्यांबरोबर यंत्र वाटून घेणं, किंवा माल गरम पाण्यातून काढून गोठवणं, असले मार्ग काढतात. गरम पाण्यातून काढलं की केल्पमधलं जास्तीचं आयोडीनही बरंच उतरतं, तो वेगळा फायदा.

आफ्रिकेतल्या टांझानियाच्या झांझिबार बेटांचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. तिथे १९८९ च्या सुमारास ही शेती सुरू झाली आणि करणाऱ्या बहुतेक बायकाच. ओहोटीच्या उथळ पाण्यात खुंट्या ठोकायच्या, दोन खुंट्यांमध्ये दोरी, दोरीला शेवाळ. उथळ पाणी तापायला लागलं तसं चांगल्या दराचं शेवाळ मरू लागलं. खोल पाण्यात ते जगतं, पण खोल पाण्यात जायला होडी पाहिजे, पोहता आलं पाहिजे, आणि खोल पाण्याच्या लाटांना बांधलेली कांडी टिकत नाही. फ्लॉवर म्सुया नावाच्या तिथल्या शास्त्रज्ञ बाईंनी जाळीच्या लांब नळ्या वापरून बघितल्या, कांड्या बांधायच्याच नाहीत, नळीत भरायच्या, आणि त्याबरोबर बायकांना पोहायला शिकवायचंही काम तिथे झालं. अवजार कुणाच्या हातात जाणार आहे, तिची उंची किती, ती पोहते का, तिच्या घरी लहान मूल आहे का, हे यादी करणाऱ्याने विचारलं पाहिजे असं मला वाटतं ते यामुळेच. भरलेली नळी ओली असताना दोन माणसांना उचलत नाही, मग होडीवर साधी हाताने फिरवायची कप्पी तरी लागते, ती यादीत कधीच नसते.

दोराबद्दल पण दोन शब्द लिहिते कारण तिथेही चुका महागात पडतात. पॉलिप्रॉपिलीनचा दोर तरंगतो पण उन्हाने कडक होऊन त्याचे तंतू सुटतात, नायलॉन बुडतो आणि ताणला जातो म्हणून नांगराला तो बरा. दोर ढिला ठेवला की कासव अडकायची भीती, आणि शेवाळ एकमेकांवर घासून तुटतं, त्यामुळे ताण महत्त्वाचा. आणि ते बांधायचे प्लास्टिकचे बारीक तुकडे. प्रत्येक कांडीला एक, दर काढणीला कापून टाकायचा, तो किनाऱ्यावर आणि मालातही राहतो. त्याऐवजी मुख्य दोरातच बारीक दोरीचा फास कायमचा ओवून ठेवला तर कांडी त्यात अडकवायची, काढणीला सैल करायचा, तोच फास कित्येक खेपा चालतो. पहिल्यांदा ओवायला वेळ जातो, नंतर बांधायचा वेळ निम्म्यावर येतो. आम्ही पावसाच्या महिन्यात घरी बसून ओवतो.

अजून एक गोष्ट, जिच्यावर कुणीतरी नीट लिहावं. सगळंच पाणी वाफ करून घालवायची गरज नाही. भावनगरच्या केंद्रीय मीठ आणि सागरी रसायन संशोधन संस्थेने ताजं कॅपाफायकस वाटून, गाळून त्याचा रस वेगळा काढायची पद्धत बसवली, रस पिकांवर फवारायला आणि उरलेला चोथा कॅराजीननला. दाबून पाणी काढायला वाफ करण्यापेक्षा कितीतरी कमी ऊर्जा लागते हे कपडे पिळणाऱ्या कुणालाही कळेल. यासाठी यंत्रं फार मोठी नाहीत, एक वाटायचं, एक गाळायचं किंवा दाबायचं. पण माल ताजा लागतो, काही तासांच्या आत, म्हणजे यंत्र किनाऱ्यावरच पाहिजे, लांबच्या कारखान्यात नाही. आणि रस टिकवायचा कसा, तपासायचा कुठे याची सोय बरोबरच द्यायला हवी, नाहीतर तेही कपाट बंद पडेल. पावसाचे चार दिवस आले तेव्हा असं एक यंत्र आमच्याकडे असतं तर त्या ढिगाचं काहीतरी झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पुढची प्रक्रिया, म्हणजे गरम अल्कलीत शेवाळ शिजवून कॅराजीनन बनवणं, ही गटांनी स्वतः करावी असं काही जण सुचवतात. मला ते सध्या पटत नाही. पोटॅशच्या गरम द्रावणाची टाकी, वारंवार धुवायला भरपूर गोडं पाणी, आणि नंतर ते क्षारयुक्त सांडपाणी शुद्ध करायची व्यवस्था, एवढं सगळं किनाऱ्यावर आणून जिथे शेवाळ लावतो त्याच पाण्यात ते सोडलं गेलं तर काय होईल? आधी स्वच्छ, वाळू नसलेला, एकसारखा वाळलेला माल आणि तो दाबायचं गठ्ठा मशीन, एवढं जमलं तरी दरात फरक पडतो, कारण सुट्टं वाळलेलं शेवाळ गाडीत हवाच भरून नेल्यासारखं जातं.

म्हणून अवजारं वाटणाऱ्या सगळ्यांना, ते सरकारी असोत नाहीतर संस्था, माझी कळकळीची विनंती आहे की यादी करण्याआधी एक दिवस काढणीला आणि त्यानंतरचे तीन दिवस वाळवणाला येऊन उभं राहा. दर १० दोरांमागे वाळवायची किती जागा देताय ते कागदावर लिहा. मशीन देताना सुटे भाग, धुवायला गोडं पाणी आणि दुरुस्त करू शकणारा माणूस किती लांब आहे ते विचारा. आणि मशीन आमच्यापैकी दोघींना आधी चालवून बघू द्या, मग घ्या.

संपादक साहेब, तुमच्या पेपरात पुन्हा या विषयावर पान काढणार असाल तर फोटोवाल्यांना तराफ्यांवर पाठवाच, पण काढणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एकदा वाळवणाच्या जागेवर पण पाठवा. तेव्हा आम्ही सगळ्याजणी माल उलटत असतो, आभाळाकडे बघत.

आपली,
वाळवणाची वही सांभाळणारी एक वाचक